ओटा लहान पडतो तेव्हा

दिवाळी अंकाच्या लेखाची आठवण करून देणारा संपादकांचा फोन दर वर्षी श्रावणात येतो, आणि तो लेख मी दर वर्षी भाद्रपद उलटत आल्यावर पुरा करते. आम्हा दोघांमधला हा जुना करार आहे. यंदा मात्र विषय शोधत मला फिरावे लागले नाही. तो माझ्या टेबलावरच बसून होता. आणि बसूनच होता, म्हणजे जागचा हलायला तयार नव्हता.

विषय म्हणजे आमचा लॅपटॉप. २०१९ साली थकबाकीचे थोडे पैसे एकदम हाती आले तेव्हा घेतलेला. त्या वेळी तो आमच्या घरातला सर्वांत चपळ प्राणी होता. पुढे २०२० आणि २०२१ च्या टाळेबंदीत माझी सारी व्याख्याने त्याच्या एवढ्याशा डोळ्यातून झाली. समोर एकही मूल दिसत नसताना मी ज्ञानेश्वरी शिकवली, आणि त्याने ती निमूटपणे ऐकून घेतली. दोन वर्षांपूर्वी तो धापा टाकू लागला, तेव्हा आमच्या चिरंजिवांनी त्याच्या पोटातली फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवून दिली. त्याने तो पुन्हा काही काळ तरणा झाला. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा कंपनीकडून होणारा नेहमीचा सांभाळ थांबला, म्हणून आम्ही त्याच्यावर विंडोज ११ चढवले, आणि तेव्हापासून त्याची रया गेली ती गेलीच.

या नव्या विंडोजला किमान चार जीबी मेमरी लागते. आमच्या लॅपटॉपमध्ये बरोबर चारच होती. आता ‘किमान’ या शब्दाचा अर्थ आम्हा मास्तरमंडळींना कुणी समजावून सांगायला नको. पस्तीस गुण मिळवणारा मुलगा पास होतो खरा, पण म्हणून त्याला कुणी स्नेहसंमेलनात भाषणाला उभे करीत नाही.

एवढ्यावरून काही मी हाती स्क्रूड्रायव्हर घेतला नसता. यंत्र सावकाश चालले तर मधल्या वेळात गवार मोडून होते. कारण घडले ते आप्पांचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय ८१. १९६६ साली रेल्वेत लागले आणि त्यातली बरीच वर्षे मालगाडीचे गार्ड होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडे डोंबिवलीला असतात. गेल्या वर्षी त्यांना वाटले, की आपण पाहिलेली रेल्वे नातवंडांसाठी कुठेतरी लिहून ठेवावी. हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि मी टंकते. रोज दुपारी चार ते पाच. शेजारी जुने फोटो उघडलेले असतात, नकाशा असतो, त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित होत असतो. आणि खरे सांगायचे तर माझ्या कॉलेजची पंधरावीस पानेही पलीकडे उघडी पडलेली असतात.

आप्पांचे विसरणे अलीकडे वाढले आहे. डॉक्टरांनी त्याला अजून काही मोठे नाव दिलेले नाही. वयाप्रमाणे आहे म्हणाले. पण जेवण झाले का ते विसरणारे आप्पा १९७१ सालच्या एका पावसाळी रात्रीची हकिगत मात्र अशी सांगत होते, की मी बोटे थांबवून ऐकत राहिले. कसारा घाटात गाडी अडलेली. मागून दुसरी गाडी येऊ नये म्हणून गार्डाने हातबत्ती घेऊन मागे चालत जायचे आणि रुळावर फटाके बांधायचे, असा नियम. पाऊस असा, की हातातली बत्ती स्वतःलाच दिसू नये.

‘‘आणि तेवढ्यात समोरून एक कंदील हलताना दिसला,’’ आप्पा सांगत होते. ‘‘गस्तीचा गँगमन. डोक्यावर इरलं. ते काढून त्यानं माझ्या डोक्यावर घातलं, आणि म्हणाला, साहेब, तुम्ही उभे राहा, फटाके मी बांधतो. त्याचं नाव...’’

आप्पांचा हात वर गेला. चेहरा उजळला. नाव जिभेवर आले होते हे मला स्पष्ट दिसले. आणि त्याच क्षणी माझ्यासमोरचा पडदा गोठला. अक्षरे उमटेनात, ते निळे वर्तुळ गरगर फिरू लागले.

‘‘थांबा हं आप्पा,’’ मी म्हटले.

ही माझी चूक. त्यांना थांबवायला नको होते. शेजारी दुधाचे बिल पडले होते, त्याच्या पाठीवर लिहून घ्यायला हवे होते. पण यंत्राची सवय लागलेल्या माणसाला कागद सुचत नाही. तीनएक मिनिटांनी वर्तुळ थांबले आणि मी म्हटले, ‘‘हं, सांगा, काय नाव त्याचं?’’

‘‘कुणाचं?’’ आप्पा म्हणाले.

त्या दिवशी पुढे लिहिणे झाले नाही. ‘‘गेलं,’’ एवढेच ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

रात्री मी हा प्रकार सांगितला, तेव्हा आमच्या ह्यांनी बँकेतल्या माणसाला शोभेल असा निकाल दिला : ‘‘सात वर्षं झाली. घसारा पूर्ण झाला. नवा घे.’’ नव्याची किंमत काढल्यावर मात्र तेच म्हणाले, ‘‘तसा हा वाईट नाही.’’ मग पुण्याला इंजिनियरिंग शिकणाऱ्या चिरंजिवांना फोन लावला.

‘‘आई, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब,’’ तो म्हणाला. ‘‘टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, आणि त्यात मेमरी. किती भरलीय?’’

‘‘चौऱ्याण्णव टक्के.’’

‘‘आणि अजून तू काय काय उघडलंयस?’’

‘‘काहीच नाही. नुसता तुझा फोटो आहे मागे.’’

पलीकडून हसणे ऐकू आले.

ज्यांना या मेमरीची भानगड ठाऊक आहे त्यांनी पुढचे थोडे सोडून दिले तरी चालेल. मला ती नीट ठाऊक नव्हती. मी इतके दिवस समजत होते, की लॅपटॉपमध्ये जागा पुष्कळ आहे, अर्ध्याहून अधिक डिस्क रिकामी आहे, तेव्हा तक्रार कसली? पण डिस्क निराळी आणि मेमरी निराळी. डिस्क म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले फडताळ आणि मेमरी म्हणजे ओटा. फडताळात कितीही डबे मावोत, स्वयंपाक व्हायचा तो ओट्यावर. गणपतीच्या दिवशी आमच्या चार फुटी ओट्यावर मोदकपात्र, सारणाचे पातेले, उकडीची परात, वरणाचा कुकर आणि नारळाची भकले एकदम येतात. मग काय करावे लागते? परात उचलून जमिनीवर ठेवायची, कुकर मागच्या गॅलरीत न्यायचा, पुन्हा परात लागली की कुकर आत आणि पातेले बाहेर. हात चालू असतात, पाय चालू असतात, मोदक मात्र होत नाहीत. मेमरी भरली की यंत्र हेच करते. ताबडतोब न लागणारी पाने उचलून डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. एसएसडी झाली तरी ती मेमरीपेक्षा पुष्कळ मंद. आप्पांचा गँगमन या नेआणीत हरवला होता.

तेव्हा ओटा वाढवायचा असे ठरले. पण सगळ्यांचे ओटे वाढत नाहीत. अलीकडच्या पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत मेमरी मूळ पाटीवरच झाळून टाकलेली असते. ती जन्मात बदलता येत नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘फॉर्म फॅक्टर’ या ओळीपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले तर बहुधा तसा प्रकार आहे असे समजावे आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मॉडेलचे माहितीपत्रक वाचावे. आमच्या नशिबाने तिथे ‘सोडिम’ असे होते, आणि त्याच्या वरच्या ओळीत दोन खोबणींपैकी एकच वापरात असल्याचे लिहिले होते. म्हणजे सात वर्षे आमच्या घरात एक रिकामी खोली होती आणि आम्हाला तिचा पत्ता नव्हता! माहितीपत्रकात पाहिले, तर एकंदर सोळा जीबीपर्यंत परवानगी होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा विषय काढला, तेव्हा पदार्थविज्ञानाचे एक सर एकदम म्हणाले, ‘‘मॅडम, पैसे कशाला घालवता? माझ्या बंद पडलेल्या लॅपटॉपची आठ जीबीची पट्टी घरी पडून आहे.’’ आणि त्यांनी ती खरोखरच आणून दिली, रुद्राक्षासारखी कापसात गुंडाळून. फुकट मिळालेल्या वस्तूचा आनंद कसा असतो ते मध्यमवर्गीय वाचकांना सांगायला नको. त्या संध्याकाळी मी आणि ह्यांनी लॅपटॉप उघडला आणि ती पट्टी खोबणीत घालू लागलो. जाईना. थोडी उलटी करून पाहिली. तरी जाईना. ‘‘जरा जोर लाव,’’ हे म्हणाले. मी अंगठा टेकला होता, पण कुठल्या तरी देवाने सुबुद्धी दिली आणि मी आधी दिवा जवळ घेतला.

पट्टीच्या सोनेरी कडेला एक बारीक खाच असते आणि खोबणीत तिच्यासाठी एक दाता असतो. सरांच्या पट्टीची खाच एका जागी आणि आमचा दाता भलत्याच जागी. सरांची पट्टी डीडीआर-३ जातीची होती, आमचा लॅपटॉप डीडीआर-४ चा. तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपपट्टीला २०४ टाचण्या, चौथीला २६०. तिसरीला दीड किंवा १.३५ व्होल्ट वीज लागते, चौथीला १.२. पाचवी पिढी, म्हणजे डीडीआर-५, १.१ व्होल्टवर भागवते आणि तिच्या टाचण्या २६२; म्हणजे चौथीहून दोनच अधिक, तेव्हा नुसते डोळ्यांनी मापू जाल तर फसाल. या पिढ्या एकमेकींच्या घरात नांदत नाहीत, आणि नांदवायला जाऊ नये म्हणूनच कारखानदारांनी ती खाच दर वेळी सरकवून ठेवली आहे. मी जोर लावला असता तर पट्टी मोडली असती किंवा खोबण, आणि दुसरे झाले असते तर सबंध पाटीच गेली असती. सरांना मी पट्टी परत केली ती त्याच कापसात. ते पदार्थविज्ञानाचे असल्यामुळे त्यांना हे आधी ठाऊक असायला हवे होते, असे मी त्यांना म्हटले नाही. मराठीच्या किती प्राध्यापकांचे शुद्धलेखन बरोबर असते?

मग शनिवारी लॅमिंग्टन रोड. महानगरपालिकेच्या दप्तरी या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोडला उतरून कुणाला ते विचाराल तर उभे राहाल. डोंबिवलीहून दादर, दादरला पश्चिमेची गाडी, आणि उतरल्यावर दोन्ही बाजूंना वायरींच्या वेटोळ्यांतून वाट. मी कागदावर सारे लिहून नेले होते : लॅपटॉपची, डीडीआर-४, २४००, आठ जीबी. ‘लॅपटॉपची’ हे पहिले लिहावे. टेबलावरच्या मोठ्या संगणकाची पट्टी लांबीने जवळजवळ दुप्पट असते.

आठ की सोळा हा प्रश्न मी तिथपर्यंत मोकळाच ठेवला होता. तो दुकानदाराने भाव सांगून सोडवला. दीड वर्षापूर्वी माझ्या मैत्रिणीने जे दिले होते त्याच्या दुपटीहून हा आकडा पुष्कळच वर होता. मी पिशवी घट्ट धरली.

‘‘मॅडम, मी तरी काय करू?’’ तो म्हणाला. ‘‘सगळी मेमरी त्या एआयवाल्यांनी खाल्ली.’’

बाजारातल्या माणसाचे बोलणे म्हणून मी ते सोडून दिले असते, पण घरी येऊन वाचले तेव्हा तो खरेच बोलत होता. जगातली बहुतेक मेमरी तीन कंपन्या करतात : दक्षिण कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतली मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड केंद्रे उभी राहू लागली, त्यांना निराळ्या जातीची, महागडी मेमरी ढिगाने हवी झाली, आणि कारखाने तिकडे वळले. जुन्या डीडीआर-४ चे उत्पादन तर आधीच आवरते घेणे चालू होते. २०२५ च्या उत्तरार्धापासून भाव भराभर चढले ते त्यामुळे. कुठल्या तरी परदेशी यंत्राला कविता करता यावी म्हणून डोंबिवलीच्या बाईने आपल्या वडिलांच्या आठवणींसाठी दुप्पट पैसे मोजायचे, याचा मला रागच आला. तो मी दुकानदारावर काढला नाही. त्याने चहा मागवला होता.

त्याने वापरलेली पट्टीही दाखवली, निम्म्या किमतीत, महिनाभराच्या हमीवर. मी नवीच घेतली. एकतर तिच्यावर काही वर्षांची हमी होती, आणि दुसरे म्हणजे घरी दोन म्हातारी माणसे आहेत, एक आप्पा आणि एक लॅपटॉप. तिसरे आणायला नको वाटले. जुनी चारची पट्टी तशीच ठेवून रिकाम्या खोबणीत आठची घालायची, म्हणजे बारा. दोन सारख्या पट्ट्या असत्या तर यंत्र दोन्हींशी एकदम बोलते आणि काम थोडे अधिक वेगाने होते. असमान जोडीत तो लाभ पुरता मिळत नाही. पण चार काढून टाकून आठ-आठच्या दोन घेणे माझ्या पाकिटाला झेपणारे नव्हते, आणि आमच्या कामाला बारा रग्गड. दुकानात २४०० ची नव्हती, ३२०० ची होती. चिरंजिवांना फोन केला. तो म्हणाला, ‘‘घे. वेगवान बैल मंद बैलाबरोबर जोडला की मंदाच्या चालीनं चालतो, तसं होईल. बिघडणार काही नाही.’’ मुंबईत जन्मलेल्या मुलाने बैल कुठून आणला कोण जाणे. मला बरे वाटले.

परतीच्या गाडीत पट्टी पर्समध्ये होती आणि हात पर्सवर. सात सेंटिमीटरांहून कमी लांब, तीन सेंटिमीटर रुंद. त्या एवढ्याशा तुकड्यात आठ जीबी म्हणजे सुमारे ६,८७० कोटी कोठड्या. प्रत्येक कोठडीत विजेचा एक थेंब असला तर ‘आहे’, नसला तर ‘नाही’. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांची ही कोठडी आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली. त्यांना तिचे पेटंट १९६८ साली मिळाले, आणि २०२४ साली ते वारले. पण मला नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. या कोठड्या गळक्या आहेत. त्यातला थेंब टिकत नाही. म्हणून यंत्र प्रत्येक कोठडी दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, वाचून पुन्हा भरते. सतत स्वतःशी पुटपुटत राहिले तरच त्याला आठवते. वीज गेली की सारे साफ. मी आजवर समजत होते, की यंत्राची स्मृती म्हणजे शिलालेख. तो तर आमच्या आजीचा जप निघाला.

रविवारी सकाळी बसवायचा मुहूर्त. आप्पा खुर्ची घेऊन येऊन बसले. त्यांना एकच काळजी : उघडल्यावर आतले लिहिलेले सांडणार तर नाही? मी त्यांना फडताळ आणि ओटा समजावून सांगितला. तुमची पाने फडताळात आहेत, ओटा फोडला तरी ती तिथेच राहतील. तरीही सारे आधी एका पेनड्राइव्हवर उतरून घेतले आणि तो त्यांच्या खिशात दिला. गार्डाने असा विश्वास ठेवायचा नसतो, असे ते म्हणाले.

आमच्या लॅपटॉपची हमी केव्हाच संपली आहे. ज्यांची चालू असेल त्यांनी स्क्रू फिरवण्याआधी कंपनीला विचारलेले बरे.

यंत्र पुरते बंद केले. झाकण मिटून झोपवले नाही, बंद केले. चार्जर काढला. पालथे घातले. खाली अकरा स्क्रू, त्यातले दोन आखूड. ते एकत्र केले तर लांब स्क्रू आखडाच्या भोकात जाऊन पाटीला टोचतो, म्हणून मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या घेतल्या आणि कुठल्या कोपऱ्याचा स्क्रू कुठल्या वाटीत ते ठरवले. मोहरीच्या वाटीतला एक अजून थोडा पिवळट दिसतो, हळद लागली असावी. मागचे झाकण जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने कडेकडेने उचकटायचे असते. प्रत्येक कळ ‘कट’ असा आवाज करून सुटते, आणि दर आवाजाला हे ‘‘मोडलं!’’ म्हणत होते.

आत सात वर्षांची धूळ. पंख्यावर तर वातीइतकी जाड. ती ब्रशाने काढली. मग बॅटरीची जोडणी अलगद ओढून सोडवली आणि चालू करायची कळ पंधरा-वीस सेकंद दाबून धरली, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. अंगातल्या स्थिर विजेचे भय हिवाळ्याच्या कोरड्या हवेत जास्त. भाद्रपदातल्या दमट मुंबईत ते कमी. तरी मी सिल्कची साडी टाळून सुती नेसले होते, आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी लोखंडी कपाटाच्या रंग उडालेल्या कडेला हात टेकवला. आप्पांनी विचारले, ‘‘नमस्कार कुणाला करतेस?’’

पट्टी कडेला धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचे नाही. खाच आणि दाता जुळवायचा. सरळ घालायची नाही. तिरकी, साधारण तीस अंशांत, खोबणीत सरकवायची, आणि मग वरून खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या पातळ चंदेरी पकडी आपोआप बाहेर सरून तिला धरतात आणि ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आला. मी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिले. बॅटरी जोडली, कळ दाबली.

पडदा काळा.

पंखा फिरत होता, दिवा लागला होता, पडदा काळा. मेमरी बदलल्यावर पहिल्यांदा यंत्र तिची ओळख करून घेते आणि त्याला वेळ लागतो, हे मी वाचले होते. म्हणून एक मिनिट थांबले. दोन मिनिटे. पाच. ह्यांनी काही म्हटले नाही, आणि त्यांचे काही न म्हणणे मला चांगले कळते. दिवाळीचा हा लेख, कॉलेजच्या तीन वर्षांच्या टिपणवह्या, सारे आठवले. आणि फडताळाचा दाखला आप्पांना देणे सोपे असते, स्वतःला पटवणे निराळे, हेही कळले. आप्पा तेवढे शांत होते. त्यांनी खिशावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘घाटात गाडी अडली की पहिल्यांदा जोडणी बघतात.’’

पुन्हा सगळे बंद केले, बॅटरी सोडवली, विजेरी घेऊन वाकून पाहिले. पट्टीच्या एका बाजूला सोनेरी कड केसभर बाहेर दिसत होती. टक् आवाज झाला होता खरा, पण एकाच बाजूचा. पकडी बाहेर सारून पट्टी काढली, पुन्हा तिरकी घातली, या वेळी सोने जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत दोन्ही अंगठ्यांनी सारखी आत सारली, आणि मग दाबली. दोन टक् ऐकू आले. कळ दाबल्यावर पडदा थोडा वेळ काळाच राहिला, आणि मग कंपनीचे नाव उमटले. मी खाली बसले.

टास्क मॅनेजरमध्ये बारा जीबी दिसत होते. वापरण्याजोगी त्याहून थोडी कमी, कारण चित्रे दाखवणारा भाग त्यातून आपला वाटा काढून घेतो. वेग २४००, चिरंजिवांच्या बैलासारखा. झाकण लावण्याआधी विंडोजमध्येच असलेली मेमरी तपासायची सोय चालवली. तिने बराच वेळ घेतला. तेवढ्यात वरणभाताचा कुकर झाला. चूक एकही निघाली नाही. मग मसाल्याच्या वाट्या रिकाम्या केल्या. अकराच्या अकरा स्क्रू भरले याचा मला परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

दुपारी चारला आप्पा नेहमीप्रमाणे येऊन बसले. फोटो उघडले, नकाशा उघडला, ध्वनिमुद्रण चालू केले, कॉलेजची पाने होतीच. मेमरी पन्नास टक्क्यांच्या आसपास होती. या वेळी शेजारी एक वही आणि पेन्सिलही ठेवली.

‘‘कुठवर आलो होतो?’’

मी वाचून दाखवले : पाऊस, हातबत्ती, समोरून येणारा कंदील, इरले. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. शेवटचे शब्द आले, त्याचं नाव, आणि मी थांबले. पडद्यावरची उभी रेघ तालात मिचकत होती. यंत्र कुठेही अडले नव्हते. मी वाट पाहिली. खालून भाजीवाल्याची आरोळी आली आणि गेली.

‘‘निफाडकडचा होता,’’ आप्पा म्हणाले. ‘‘घरी द्राक्षं होती त्याच्या. एकदा पाटी घेऊन आला होता आपल्या क्वार्टरवर. तुझ्या आईनं त्याला जेवायला घातलं.’’

हे त्यांनी कधीच सांगितले नव्हते. मी भराभर टंकत होते आणि अक्षरे बोटांबरोबर उमटत होती.

‘‘नाव?’’ मी हळूच विचारले.

‘‘जागा सोड तेवढी,’’ आप्पा म्हणाले. ‘‘चार अक्षरांची सोड. चारच होती. आणि पुढं लिही : पहाटे साडेचारला घाट उतरून एंजिन आलं...’’